चार शिट्ट्यांचं गाणं

आमच्या घरात वरच्या खोलीत जायला सोळा पायऱ्या आहेत. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या याच घरात मी जन्मलो, याच जिन्यावरून गडगडत येऊन पुढचा दात पाडून घेतला, पण पायऱ्या मोजायची वेळ कधी आली नव्हती. ती २०२१ च्या मे महिन्यात आली. माझा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि बायकोनं जिन्याच्या मधोमध खडूनं रेघ मारली. "ही नववी पायरी. ताट हितं ठेवणार. मी खाली पोचल्याशिवाय तुम्ही वरनं हलायचं न्हाई."

हाका मारून घसा बसतो म्हणून तिनं उलथण्याची भाषा बसवली. कठड्यावर एक टोला म्हणजे औषध घ्या, दोन म्हणजे चहा, तीन म्हणजे जेवण. लग्नाला वीस वर्षं झाली, पण आमच्यात इतका स्पष्ट संवाद त्याआधी कधी झाला नव्हता.

वरची खोली म्हणजे पत्रा. खाली गणपतीचं मखर, आप्पांची चाक नसलेली सायकल, लग्नात आलेले आणि कुणाच्या तरी लग्नात पुढं सरकवायचे राहिलेले लेमन सेट, आणि यांच्यामध्ये एक कॉट. मे महिन्यात पत्र्याखाली झोपलेल्या माणसाला ताप आलाय की नुसतंच ऊन लागलंय, हे थर्मामीटरनंही सांगू नये. तसा आजार बेताचा होता. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्यावर आकडा ९७ च्या खाली फारसा येत नव्हता. ९४ च्या खाली आला तर फोन करा आणि चौदा दिवस खाली उतरू नका, एवढं सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटकडं वळले होते.

खरा घाव वेगळाच होता. वास गेला. आणि पाठोपाठ चव. बाकी कुठल्या गावात हे चालून जात असेल. पण २०१९ च्या शेवटी ज्या शहरानं मटणाच्या दरावरून आंदोलन केलं, त्या शहरात जन्मलेल्या माणसाला तांबडा कुठला आणि पांढरा कुठला हे डोळ्यांनी बघून ओळखायला लागावं? ताटात दोन वाट्या आल्या. दोन्ही प्यालो. एक लाल पाणी होतं आणि एक पांढरं.

हे मी फोनवर शालूआत्याला बोललो. तिथं चुकलं.

शालूआत्या गडहिंग्लजला असते. कुणाचंही दुःख तिला नुसतं ऐकून घेता येत नाही, त्याचं काहीतरी करायला लागतं. तासाभरात घरच्या ग्रुपवर तिचा हुकूम आला: "बाळू वर एकटा पडलाय. त्याला करमावं म्हणून रोज प्रत्येकानं आपल्या आवडीचं एक गाणं टाकायचं. का आवडतं तेही लिहायचं. बाळूनं प्रत्येक गाणं ऐकून कसं वाटलं ते सांगायचं."

ग्रुपवर आम्ही ३४ जण आहोत. मला वगळलं तर ३३. एक गाणं चार मिनिटांचं धरलं तरी सव्वादोन तास. त्यात "हे गाणं ऐकलं की मला आमची जुनी म्हैस आठवते" असले खुलासे वेगळे. पतसंस्थेत मी वसुलीला आहे. थकबाकीदाराला रोज फोन आले की कसं वाटतं, ते मला पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोळीनं डोळा लागला. तासाभरानं उठून बघतो तर मिस्ड कॉल अकरा. उलथणं कठड्यावर कडाकड वाजत होतं, त्या टोल्यांना कोडमध्ये काही अर्थच नव्हता. झालं असं की इचलकरंजीच्या काकांनी एक नाट्यगीत टाकलं होतं आणि पाऊण तास झाला तरी माझा 'वा!' आला नव्हता. मग काकांनी आत्याला फोन केला, आत्यानं हिला, हिनं आप्पांना उठवलं, आणि आप्पांनी थेट ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवलं की गाडी तयार ठेव. माझ्या निळ्या टिका म्हणजे अख्ख्या भावकीला हेल्थ बुलेटिन होऊन बसल्या होत्या. त्या दिवसापासून मी झोपायच्या आधी आठ-दहा गाण्यांना आगाऊ 'वा!' देऊन ठेवू लागलो. एकदा अजून न आलेल्या गाण्याला दाद गेली, तेव्हा जरा बोंब झाली.

आत्याला आणखी एक अडचण होती. हीच गाणी तिला माहेरच्या, सासरच्या आणि भिशीच्या अशा तिन्ही ग्रुपांवर धाडायची असायची. पण व्हॉट्सॲपनं एप्रिल २०२० पासून नियम केला होता: फार फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढं ढकलता येतो. अफवा थांबाव्यात म्हणून तो केला होता. आत्याचा समज असा की तो खास गडहिंग्लज तालुक्यासाठी काढलाय. "आता गाण्यावर पण संचारबंदी! बाळू, तू तिथं बँकेत आहेस, कुणाशी तरी बोल की."

तिसऱ्या दिवशी सांगलीच्या मामांनी जे भावगीत टाकलं त्यात संध्याकाळ होती, नदी होती, नाव होती आणि नाव पलीकडं चालली होती. आजारी माणसाला हे? आत्या कडाडली. ताबडतोब बंदी आली: नाव, पैलतीर, मावळता सूर्य, विझणारा दिवा, परतीचा पक्षी आणि 'निरोप' हा शब्द असलेलं गाणं चालणार नाही. सगळे बिचारे शोधायला बसले. दोन तास ग्रुपवर सामसूम. मग हळूहळू लक्षात आलं की एवढ्या गोष्टी काढून टाकल्यावर मराठी भावगीतात चांदणं तेवढं शिल्लक राहतं आणि तेसुद्धा विरहाचंच असतं. उरल्या लावण्या आणि बडबडगीतं. पुढचे दोन दिवस मी आलटून पालटून ढोलकी आणि ससा-कासव ऐकत पडलो.

आप्पांचं मात्र सगळं शिस्तीत चाललं होतं. खालच्या सोप्यात बसून त्यांनी हिशोब मांडला. गीतरामायणात गाणी ५६. बाळूचे दिवस १४. "छप्पन भागिले चौदा, रोज चार. रामानं चौदा वर्षं काढली, तुला चौदा दिवस काढायला काय धाड भरलीय?" पुणे आकाशवाणीनं १९५५ मध्ये जे सुरू करून वर्षभर बेताबेतानं पुरवलं, ते आप्पांनी पंधरवड्यात उरकायला घेतलं. वनवास कुठवर आलाय त्यावरून मला तारीख कळायची.

गाणं चांगलं की वाईट, हा प्रश्न आप्पांना पडत नाही. ते कोल्हापूरचं आहे का, एवढंच ते बघतात. सुधीर फडके? १९१९ चा जन्म, कोल्हापूर. पास. जगदीश खेबुडकर? जिल्ह्यातलेच, शाळामास्तर माणूस. पास. लता मंगेशकर? पोरवयात मास्टर विनायकांच्या सिनेमा कंपनीत इथंच कामाला होत्या, म्हणजे आपल्याच. पुण्याच्या चुलतभावानं एकदा चुकून 'आमच्या पुण्याची प्रभात फिल्म कंपनी' असं लिहिलं. आप्पांनी उत्तर टाइप करायला बावीस मिनिटं घेतली. सगळा ग्रुप 'टायपिंग...' कडे बघत श्वास रोखून बसला होता. उत्तर आलं: "१९२९ कोल्हापूर. १९३३ ला तिकडं गेली. लेक सासरला गेली म्हणून सासरची होत नसत्या." यावर चुलतभावाच्या बायकोनं 'नसत्या' म्हणजे काय, असं विचारलं. तिला लग्न होऊन बारा वर्षं झाली तरी ती अजून आमच्या आईचं "येतो मी, जातो मी" ऐकून मागं कोण पुरुष बोलतोय ते बघते.

राहता राहिलो मी. पाचव्या दिवशी आत्यानं फर्मावलं की आज बाळूचं गाणं. मी गाफील होतो, अंगात ताप होता, आणि कॉलेजच्या कँटीनमध्ये सतत वाजायचं ते एक हिंदी गाणं टाकून मोकळा झालो. का आवडतं तेही लिहिलं: "जुने दिवस आठवतात." गाण्यात कुरळ्या केसांचं बरंच कौतुक आहे. हिचे केस सरळ आहेत, अगदी पट्टी लावून काढल्यासारखे.

रात्री तीन टोले यायला हवे होते. एकच आला. औषध घेतलं आणि वाट बघत बसलो. नवाला उतरून बघतो तर ताट केव्हाच ठेवलेलं, भाकरी थंडगार. मी मुकाट्यानं जेवलो आणि सलोखा म्हणून मेसेज टाकला, "वांगं एक नंबर झालंय!" पुढं महिन्याभरानं हिनं कबूल केलं की त्या दिवशी वांग्यात मीठच घातलं नव्हतं. एवढी शिक्षा केली ती जिभेपर्यंत पोचलीच नाही. वर 'एक नंबर' म्हटल्यामुळं ती रात्रभर आणखी चिडून राहिली होती.

आईला फोनमधलं काही येत नाही. तिला लिंक माहीत नाही, फॉरवर्ड माहीत नाही. तिला एकच जमतं, बोलायचं बटण दाबून धरायचं. सहाव्या दिवशी सकाळी रेडिओवर तिच्या आवडीचं गाणं लागलं, तेव्हा तिनं आप्पांचा फोन उचलला, रेडिओच्या जाळीला चिकटवला आणि अंगठा दाबून धरला. तीन मिनिटं चौदा सेकंद.

ते मी वर पडल्या पडल्या लावलं. आधी खरखर. मग गाणं, पण विहिरीत बसून कुणी गावं तसं. ध्रुवपद संपलं, बाईंनी श्वास घेतला आणि त्या फटीत आमच्या कुकरनं पहिली शिट्टी मारली. इतकी बरोबर की मी उठून बसलो. ज्या गावात शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना गवई म्हणून दरबारात आणलं, त्या गावात कुकरनंसुद्धा समेवर यावं, हे रास्तच म्हणायचं. पहिला अंतरा निम्म्यात असताना दूधवाला दारात: "वैनी, आज अर्धा लिटरच हाय, म्हस आटाय लागल्या." हिचा आवाज: "मग चहा काय पाण्याचा करू?" दुसरी शिट्टी. लेक कुणाशी तरी फोनवर हसतेय; दहावीची परीक्षा रद्द झाल्यापासून तिचं तेच चाललेलं. तिसरी. आप्पांचा खोकला, तोही साधा की कसा म्हणून सगळ्या घरानं एक क्षण कान टवकारल्याची शांतता, मग आप्पाच: "तपकीर वो, तपकीर!" दुसऱ्या अंतऱ्यात चौथी शिट्टी आणि आईचं कुजबुजतं, "बंद कर गं गॅस, फोन धरलाय मी."

चार शिट्ट्या म्हणजे मटण. आमच्याकडं भात तीनला उतरतो, डाळ पाचला. म्हणजे आज रविवार, म्हणजे मगाशी हिनं खोबरं भाजलं असणार, आणि त्याचा धूर जिन्यातून वर येऊन माझ्या नाकासमोरून निघून गेला असणार. मी ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. गाणं कुठलं म्हणाल तर धड ऐकलं नाही. दूधवाल्याच्या वाक्यानंतर आमच्या बोळातलं कुत्रं दोनदा भुंकतं, हे चौथ्यांदा ऐकताना सापडलं.

त्या दिवशी दाद देताना मी लिहून गेलो, "आईचं गाणं सगळ्यात भारी." झालं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी लिंका सोडल्या आणि फोन रेडिओला, टीव्हीला चिकटवायला सुरुवात केली. काकांच्या नाट्यगीतात मागून यंत्रमागाची खटखट येऊ लागली. मामांच्या लावणीत मामी विचारायच्या, "हे काय लावलंय सकाळी सकाळी?" पुणेकर चुलतभाऊ मात्र खिडक्या बंद करून, पंखा थांबवून स्वच्छ रेकॉर्डिंग पाठवायचा. ते मी एकदाच ऐकायचो.

नवव्या दिवशी ग्रुपवर गाणं आलं नाही. आत्याचे दीर पहाटे गेले होते, दवाखान्यातच. कुणी काही लिहीना. सीपीआर दवाखान्याच्या दिशेनं जाणारे भोंगे तर रोजचेच होते, पण त्या दिवशी ते एकेक मोजले जात होते. संध्याकाळी वळीव आला. पत्र्यावर असा कोसळला की चिमट्यावरचा आकडासुद्धा बघायचं सुचेना. तेवढ्यात आईचा मेसेज आला, एक मिनिट दोन सेकंद. रेडिओ बंद होता. नुसती पावसाची धार, अंगणातल्या बादलीत पडणारी, आणि शेवटी आई: "गाणं न्हाई रे आज. असंच धरलाय फोन." तोच पाऊस माझ्या डोक्यावर पडत होता. तरी मी तो फोनवर ऐकला.

मी उत्तर म्हणून बटण दाबून धरलं, फोन पत्र्याकडं केला आणि माझा पाऊस खाली पाठवला.

चौदाव्या दिवशी राम अयोध्येला पोचला आणि मी सोप्यात. नववी पायरी ओलांडताना उगाच थबकलो, खडूची रेघ तोवर पुसट झाली होती. वास मात्र घरी परतायला पंधरा-वीस दिवस लागले. एका सकाळी फोडणीला लसूण पडली आणि मी आंघोळ अर्धी टाकून टॉवेलवर स्वयंपाकघरात येऊन उभा राहिलो. हिनं वर बघितलं नाही. "नाक आलं वाटतं," म्हणाली. "आता मीठ बघून घाला म्हणाय लागशीला."

परवा रेडिओवर आईचं ते गाणं पुन्हा लागलं. ध्रुवपद झालं, बाईंनी श्वास घेतला, मी नकळत मान वर केली, आणि बाई तशाच पुढं अंतऱ्यावर गेल्या.

"शिट्टी राहिली," मी म्हणालो.

"सिलिंडर संपलाय," आतून आई म्हणाली. "बघत काय बसलाईस? नंबर लाव."