‘आडनाव विचारून प्रवेश’: खुलासा
आमच्या प्रदर्शनात आडनाव विचारून आत सोडतात, असा मेसेज संभाजीनगरातल्या ग्रुपांवर फिरतोय. साफ चूक. दाराशी बसलेली मुलगी आडनाव, गाव, ‘नॉनव्हेज खाता का?’ हे विचारते, एवढं खरं. पण ते विचारणं हीच कलाकृती. उत्तर द्या, न द्या, प्रवेश सगळ्यांना, तोही फुकट. परभणी-हिंगोलीहून शिकायला आलेल्या पोरांना खोली बघताना घरमालक हेच विचारतात, बहुतेकदा याच क्रमाने. मेसेजमधल्या फोटोतून हे सांगणारी पाटी तेवढी कापलीय! प्रकार नवाही नाही. अमेरिकी कलावंत एड्रियन पायपर यांनी १९८६ मध्ये ‘मी कृष्णवर्णीय आहे’ असं छापलेली कार्डं काढली. समोर कुणी वर्णद्वेषी शेरा मारला की त्या मुकाट्याने हातात ठेवायच्या. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनीही जरूर यावं. अभिप्राय वहीत लिहा, शिव्यांसकट चालेल.