चित्र बघायचा तास

आज स्टाफरूममध्ये चहा पिताना ऐकावं लागलं, "सर, चित्रं काय बघायची असतात? काढायची असतात. प्रोजेक्टर स्कॉलरशिपच्या पोरांना लागतोय." तिथं गप्प बसलो. म्हणून इथं बोलतोय.

मागच्या आठवड्यात सातवीला दोन चित्रं प्रोजेक्टरवर शेजारी शेजारी लावून दाखवली. एक रविवर्म्याची हंस-दमयंती, आज्जीच्या घरी भिंतीवर असायची तीच. दुसरं अमृता शेरगिलचं १९३५ सालचं 'तीन मुली'. चित्रकार, साल, काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, काय काय वेगळं दिसतंय?

आधी नुसता कालवा. साडी, हंस, खांब. मग मागच्या बाकावरचा एक, ज्याची चित्रकलेची वही मी कायम कोरीच बघितलीय, तो म्हणाला, "सर, ही फोटोला उभी राहिल्यागत वाटती. ह्या तिघींना मात्र कोणतरी बोलून गेलंय."

बोलून गेलंय! ह्याच चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं होतं. परीक्षकांनी काय पाहिलं असेल ते असो, आमच्या पोरानं हे पाहिलं.

एकच चित्र दाखवलं की पोरं 'छान आहे' म्हणून मोकळी होतात. दोन ठेवली की डोळे इकडून तिकडं पळतात आणि तोंडं उघडतात. ह्याला ना रंग लागतात, ना कागद.

आणि आपण काय करतो? एलिमेंटरीची, म्हणजे सरकारी चित्रकला परीक्षेची, तयारी. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. हात बसतो, पुढची इंटरमिजिएट झाली की दहावीला वाढीव गुण मिळतात, बरं, मान्य. पण डोळ्याचं काय? जे.जे.सारखी चित्रकलेची शाळा १८५७ पासून मुंबईत उभी आहे, आणि आमच्याकडं अजून चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांना उसना द्यायचा तास! त्या कोऱ्या वहीवाल्याला मी इतकी वर्षं 'ढ' धरून चाललो होतो. हे लिहितानाही लाज वाटतेय. राग दुसऱ्यांवर काढतोय, पण त्यात माझाही वाटा आहेच.

खरं तर त्या तासातलं एक राहिलंच. तो 'बोलून गेलंय' म्हणाला तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी मान वर न करता हळूच म्हणाली, "लग्न ठरवलं असंल त्यांचं."

वर्गात कोणी हसलं नाही.