इराकला फौज पाठवताना घ्यायची काळजी

इतिहास दुरुस्त करायला सकाळची साडेसातची वेळ उत्तम. तळजाईला एक चक्कर मारून यावं, टिळक रोडच्या आसपास एखाद्या अमृततुल्यात टेबल पकडावं आणि पहिला घोट घेऊन म्हणावं, ‘वाजपेयींनी तेव्हा हो म्हणायला हवं होतं!’

मंडळींत कुणी नवखा असलाच तर दोन वाक्यांत उरकायचं. २००३ साली अमेरिकेने उत्तर इराकसाठी आपल्याकडे अख्खी डिव्हिजन, म्हणजे सुमारे १७ हजार जवान मागितले. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही म्हणून १४ जुलैला सरकारने नकार दिला. लोकसभेने एप्रिलमध्येच अमेरिकेच्या इराकवरच्या युद्धाविरुद्ध ठराव केला होता, हे मात्र काढू नये. चहा गार होतो.

आता नकाशा. बशीत सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर रेघ ओढा, ही तैग्रिस. खारीची बरणी मोसुल, क्रीमरोल बगदाद. पोऱ्याने फडकं मारायच्या आत मोसुल घ्यायचंय, तेव्हा हात चालवा. फक्त एक पथ्य पाळा : रेघ सरळ ओढायची. बगदादच्या खाली नदीला एक वळसा आहे, त्या वळशात कूत नावाचं गाव आहे, आणि तिथे आपली पंचाईत होते. कारण आपण पाठवायच्या ८८ वर्षं आधी इथली डिव्हिजन तिथे जाऊन आलेली आहे. म्हणजे, गेलेली आहे. नावच तिचं सहावी पूना डिव्हिजन. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने ती तुर्कांच्या वेढ्यात होती. घोडी कापून खायची वेळ आली. सोडवायला गेलेल्या फौजेचेच वीस हजारांहून अधिक मेले-जायबंदी झाले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार लोक कैद झाले. डिव्हिजनचे प्रमुख जनरल टाउनशेंडसाहेब, त्यांची सोय इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात झाली. शिपाई वाळवंटातून पायी गेले. कित्येक वाटेतच राहिले. त्यांत मराठा पलटणीही होत्या. कुणी हे काढलंच तर ‘अहो, ते इंग्रजांचं युद्ध होतं’ म्हणावं आणि वळसा पुसून टाकावा. २००३ चं युद्ध कुणाचं, असं विचारण्याइतकं सकाळी कुणी जागं नसतं.

मग फायदे. तेल स्वस्त, सुरक्षा परिषदेत कायमची खुर्ची, आणि मुख्य म्हणजे व्हिसा. इथे पोलंडचं नाव तोंडातून जाऊ देऊ नका. त्यांनी २००३ मध्ये फौज दिली, इराकचा एक पट्टा सांभाळला, आणि पोलिश माणसाला व्हिसाशिवाय अमेरिकेत फिरायला जाता आलं ते नोव्हेंबर २०१९ पासून! (आपल्या चिरंजीवांचं ग्रीन कार्ड त्याहून लांबलंय, पण तो विषय घरीच बरा.)

‘नाही म्हटलं आणि दोस्ती गमावली,’ हे ठासून सांगा. अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धाला शिपाई न देणारे ब्रिटनचे पंतप्रधान विल्सन, तिथे पाचशेच्या आसपास जवान गमावणारा ऑस्ट्रेलिया, हे तपशील नडतात. त्याहून नडतो आपलाच अणुकरार. ज्यांना नकार दिला त्यांनीच पाच वर्षांनी, ऑक्टोबर २००८ मध्ये, त्यावर सही केली. हे अमेरिकेचं चुकलंच.

राहता राहिले १७ हजार जवान. ते आपोआप येतात, असं धरून चालायचं. टेबलावरच्यांची मुलं ह्यूस्टनला, बंगळुरूला, एखादा हिंजवडीत, त्यामुळे घरातून कुणाला काढायची गरज नाही. पण अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला निघालात, तर सातारा ओलांडल्यावर जरा जपून. तिथे अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं कामी आली. अजूनही तिथली पोरं भरतीला जातात. तिथे आपली योजना मांडू नये. एखादे निवृत्त सुभेदार सगळं शांतपणे ऐकून घेतील आणि आदराने विचारतील, ‘साहेब, पलटण कुठली तुमची?’

अशा वेळी सोसायटीचं नाव सांगू नये.