जुलाब होत असताना मुलाचे पाणी तोडू नये : खुलासा

तीन-चार वर्षांच्या मुलाला जुलाब लागल्यास पाणी व जेवण बंद ठेवावे, म्हणजे पोटाला आराम मिळून जुलाब थांबतात, असा मजकूर पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत असतो. हा सल्ला चुकीचा असून तो जिवावर बेतू शकतो. जुलाबातला खरा धोका शरीरातील पाणी व क्षार निघून जाण्याचा आहे आणि पाणी तोडल्याने तोच वाढतो.

ओआरएस (साखर व क्षारांची पूड पाण्यात कालवून केलेले द्रावण) दिल्यावरही जुलाब चालूच राहिले, म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. हे द्रावण जुलाब थांबवण्यासाठी नसून शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढण्यासाठी असते. एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच कालवावे. पेलाभर पाण्यात चिमूटभर पूड टाकण्याची घरोघरची काटकसर इथे नडते, कारण त्यातून क्षारांचे प्रमाण बिघडते. दोन वर्षांवरील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर १०० ते २०० मिलिलिटर द्रावण घोट-घोट पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून चमच्याने पुन्हा सुरू करावे. उरलेले द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. मऊ भात, वरण, दही, केळे चालू ठेवावे. जस्ताच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस द्याव्यात, जुलाब आधी थांबले तरीही.

शौचातून रक्त पडणे, डोळे खोल जाणे, मूल मलूल होणे किंवा त्याला पाणीही पिता न येणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.