प्रोथोनोटरी म्हणजे ‘प्रोफेशनल नोटरी’ नव्हे

मुंबई उच्च न्यायालयातल्या ‘प्रोथोनोटरी अँड सीनियर मास्टर’ या पदाबद्दल व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय, ‘प्रो’ म्हणजे प्रोफेशनल, म्हणून हा पगारी नोटरी. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं याच्याकडे नेऊन शिक्का मारून घ्या. हे साफ चूक आहे. कृपया त्यावर विसंबून कुणी हेलपाटा मारू नका.

शब्दाची फोड ‘प्रो’पाशी होतच नाही. ‘प्रोटोस’ हा ग्रीक शब्द, अर्थ पहिला. ‘नोटारियस’ लॅटिन, ‘नोटा’ म्हणजे खूण यावरून आलेला. रोममध्ये बोललेलं खुणांच्या लघुलिपीत झरझर टिपून घेणारा तो नोटारियस. अशा लेखनिकांचा प्रमुख तो प्रोटोनोटारियस. मधला ‘थ’ मध्ययुगीन लॅटिन लेखनात शिरला. आपल्या ‘सरचिटणीस’ची घडण मला हुबेहूब अशीच वाटते. तिथे ‘सर’, इथे ‘प्रोटोस’.

इंग्लंडच्या जुन्या न्यायालयांत दप्तर सांभाळणाऱ्या मुख्य कारकुनाला हे नाव होतं. मुंबईत 1862 साली उच्च न्यायालय सुरू झालं; इथे हा अधिकारी मूळ शाखेचं, म्हणजे थेट उच्च न्यायालयात दाखल होणाऱ्या दाव्यांचं, कामकाज बघतो. घरात मुंबई उच्च न्यायालयानं दिलेलं मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, असेल तर कागद काढून बघा, सहीखाली हेच पदनाम दिसेल. भाडेकरार किंवा प्रतिज्ञापत्र साक्षांकित करणारा नोटरी वेगळा, तो 1952 च्या नोटरी कायद्याखाली नेमलेला असतो.