बालसुधारगृहातले वर्ग आणि एका फॉरवर्डमधली चार विधानं

एक फॉरवर्ड पुन्हा जोरात फिरतो आहे. गुन्ह्यात सापडलेल्या पोरांसाठी विद्यापीठं आणि संस्था मिळून बालसुधारगृहात वर्ग चालवतात, सुटल्यावर मेंटॉर म्हणजे सोबतीचा मार्गदर्शक देतात, या सगळ्याला त्यात ‘गुन्हेगारांचे लाड’ म्हटलं आहे. खाली चार विधानं आहेत. या पोरांना शाळा नको, धाक हवा. कितीही शिकवा, ती परत आतच येतात. त्यांच्यावरचा पैसा म्हणजे प्रामाणिक मुलांच्या तोंडचा घास. आणि आठवड्यातून तासभर गप्पा मारायला येणाऱ्या मेंटॉरने काडीचाही फरक पडत नाही.

पहिली तीन टिकत नाहीत. चौथ्यात मात्र तथ्य आहे, आणि ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याला वाटतं त्याहून जास्त गंभीर आहे.

धाकाचा प्रयोग होऊन गेलेला आहे. १९७०च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात वाट चुकलेल्या पोरांना नेलं जायचं आणि जन्मठेपेचे कैदी त्यांच्या अंगावर ओरडून, आत काय काय होतं ते सांगून त्यांची पाचावर धारण बसवायचे. १९७८ साली त्यावर माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळालं आणि ठिकठिकाणी तसेच कार्यक्रम सुरू झाले. पुढे अँथनी पेट्रोसिनो हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ९ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. घाबरवून आणलेली मुलं, ज्यांच्यासाठी असं काहीच केलं नव्हतं त्यांच्यापेक्षा, जास्त गुन्हे करत होती! धाक नुसता फुकट गेला असता तरी चाललं असतं. इथे तो अंगाशी आला.

‘परत आतच येतात’ याला उत्तर म्हणून आमच्या, म्हणजे या वर्गांच्या, बाजूचे लोक एक आकडा तोंडावर फेकतात : ४३ टक्के. तो रँड या संशोधन संस्थेच्या २०१३च्या अहवालातला आहे आणि बहुतेक वेळा चुकीचा सांगितला जातो. ४३ हा संख्याशास्त्रातल्या ‘ऑड्स’चा फरक. साध्या भाषेत, तुरुंगात शिकलेल्यांमध्ये परत आत जाणाऱ्यांचं प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा १३ टक्केबिंदूंनी, म्हणजे शंभरामागे १३ जणांनी कमी होतं. शिवाय हा अभ्यास प्रौढ कैद्यांचा, आणि वर्गात नाव नोंदवणारा माणूस मुळातच सुधारायला निघालेला असू शकतो. एवढं सगळं वजा केलं तरी ‘काहीच फरक पडत नाही’ असं म्हणायला जागा उरत नाही. त्याच अहवालाचा अंदाज असा की शिक्षणावरच्या प्रत्येक डॉलरमागे पुढच्या तीन वर्षांतला पुन्हा डांबण्याचा ४ ते ५ डॉलर खर्च वाचतो. लाड म्हणायचे तर ते फारच किफायतशीर आहेत.

तोंडच्या घासाचं थोडक्यात. अमेरिकेत हाच युक्तिवाद करून १९९४ साली कैद्यांना पेल ग्रँट ही सरकारी शिष्यवृत्ती बंद केली गेली. तेव्हा त्या एकूण रकमेतला एक टक्काही कैद्यांकडे जात नव्हता, आणि त्यांच्यामुळे बाहेरच्या एकाही पात्र विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती हुकत नव्हती, हे तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनीच त्याच वर्षी सांगितलं होतं. चूक दुरुस्त व्हायला २०२३ उजाडलं.

आता मेंटॉर. १९३९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यास सुरू झाला. ५०६ मुलगे, जोड्या लावून निम्मे निम्मे केलेले. एका गटाला सरासरी पाच वर्षं समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं. दुसऱ्याला काही नाही. तीस वर्षांनी संशोधक जोन मॅककॉर्ड यांनी ही माणसं शोधून काढली. मदत मिळालेले बऱ्याच बाबतींत मागे होते : पुन्हा गुन्हा, दारूचं व्यसन, अकाली मृत्यू. तरी त्यांच्यातले दोन तृतीयांश सांगत होते की कार्यक्रमाचा फायदा झाला. नंतरच्या विश्लेषणात दिसलं की नुकसान प्रामुख्याने एकाहून जास्त वेळा शिबिरांना गेलेल्या मुलांचं झालं होतं. बिघडू पाहणारी पोरं एकत्र कोंबली की ती एकमेकांचीच शाळा होतात. आणि नुकसान होऊनही माणसं फायदा झाला असंच सांगतात, म्हणून समारंभात रडून आभार मानणारा मुलगा कोणी पुरावा म्हणून पुढे केला की मी सावध होतो.

दुसरं, ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांचा २००२चा अभ्यास. हा तुरुंगाबाहेरच्या मुलांचा आहे, पण मुद्दा इथेही लागू पडतो. मेंटॉर वर्षभर किंवा जास्त टिकला तिथे फायदा सर्वाधिक. तीन महिन्यांच्या आत नातं तुटलं तिथे मुलांच्या मनातली स्वतःची किंमत आधीपेक्षाही घसरली. ज्या पोराला मोठ्या माणसांनी आधीच वाऱ्यावर सोडलंय, त्याला आणखी एक जण सोडून गेला.

त्यामुळे फॉरवर्डचा ‘तासभर गप्पा’ हा टोमणा अशा काही कार्यक्रमांना नेमका बसतो. पण त्यावरून मेंटॉर बंद करा हे निघत नाही. मेंटॉर मुलगा आत असतानाच जोडून द्या आणि सुटकेनंतरही तोच ठेवा, हे निघतं. भागीदारीची गरज इथेच पडते. सुधारगृहाचा अधिकार फाटकापाशी संपतो, कॉलेजचा आणि संस्थेचा संपत नाही. आत पूर्ण केलेला विषय बाहेरच्या कॉलेजने मोजलाच नाही, तर पोरगा पहिल्या पायरीवर परत येतो. प्रमाणपत्रावर सुधारगृहाचं नाव छापलं की ते दाखवायचीच त्याला भीती. संयुक्त राष्ट्रांच्या १९९०च्या नियमांत तर स्पष्ट लिहिलंय की अशा मुलाच्या प्रमाणपत्रावरून तो कोठडीत होता हे कुठल्याही प्रकारे कळता कामा नये.

असा कार्यक्रम तुमच्याकडे देणगी मागायला आला तर जरूर खोदून विचारा : मेंटॉर किती महिन्यांसाठी बांधील आहे, सुटकेच्या दिवशी फाटकाबाहेर कोण उभं असतं, आणि प्रमाणपत्रावर नाव कुणाचं आहे.