वर्गमध्य, प्रमाण विचलन आणि ‘नेहमी’ हा शब्द : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

वर्गीकृत, म्हणजे गट पाडून दिलेल्या, सामग्रीवरून मध्य (सरासरी) आणि प्रमाण विचलन (संख्या मध्याभोवती किती पसरल्या आहेत याचे माप) काढण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण जी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तिला चार ओळींत आभार मानून मोकळे होणे मला प्रशस्त वाटले नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी आपले आक्षेप थोडक्यात सांगतो. वर्गमध्य, म्हणजे गटाच्या दोन मर्यादांच्या बरोबर मधली संख्या, घेणे म्हणजे ४० ते ५० या गटातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ४५ गुण मिळाले असे खोटेच मानणे आहे, हा पहिला. ‘गटांवरून काढलेले प्रमाण विचलन नेहमी प्रत्यक्षापेक्षा थोडे जास्त येते’ हे माझे विधान उलटे आहे, कारण गटाच्या आतली तफावत आपण पुसून टाकतो, म्हणजे उत्तर कमीच यायला हवे, हा दुसरा. वयाच्या २०–२४ या गटाचा वर्गमध्य मी २२.५ घेतला, तो पुस्तकातल्या नियमाने २२ हवा, हा तिसरा. आणि संगणकाच्या काळात हे सगळे शिकवायचेच कशाला, हा चौथा.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे माझी चूक आहे. ‘नेहमी’ हा शब्द मी लिहायला नको होता. मात्र त्याच्या जागी आपण सुचवलेले ‘कमीच’ हेही टिकत नाही.

समजा ० ते ९९ यांतली प्रत्येक संख्या सारख्याच वेळा आली आहे. मूळ संख्यांचे विचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, ८३३.२५ येते. याच संख्यांचे वीस-वीसचे पाच गट करून ९.५, २९.५, ४९.५ असे वर्गमध्य घेतले, तर विचरण बरोबर ८०० येते. इथे आपले म्हणणे शंभर टक्के खरे ठरते: गटाच्या आतली तफावत गेली आणि उत्तर तेवढ्याने घटले. ही घट साधारणपणे गटाच्या रुंदीचा वर्ग भागिले १२ इतकी असते. इथे ४०० भागिले १२, म्हणजे सुमारे ३३. (मराठीत गटालाही वर्ग आणि संख्येच्या दुसऱ्या घातालाही वर्ग म्हणतात, त्यामुळे या विषयात मुलांचा जेवढा गोंधळ होतो तेवढाच लिहिणाऱ्याचाही होतो. म्हणून पुढे मी ‘गट’च म्हणतो.)

पण माणसांची उंची, परीक्षेतले गुण, कापसाच्या बोंडांचे वजन अशा गोष्टी समान पसरलेल्या नसतात. मध्यावर गर्दी आणि दोन्ही कडांना विरळ अशी त्यांची ठेवण असते. अशा सामग्रीत आणखी एक चूक घडते आणि ती उलट्या दिशेने काम करते. मध्याच्या वरच्या बाजूच्या कोणत्याही गटात खालच्या टोकाला, म्हणजे मध्याकडे, जास्त माणसे असतात. त्यामुळे त्या गटाची खरी सरासरी वर्गमध्यापेक्षा कमी असते. मध्याच्या खालच्या बाजूला हेच उलटे होते. म्हणजे आपण वर्गमध्य घेतो तेव्हा दोन्हीकडचे गट केंद्रापासून आहेत त्याहून थोडे दूर नेऊन ठेवतो, आणि त्याने विचरण फुगते. ही फुगवटी सुमारे गटाच्या रुंदीचा वर्ग भागिले ६ एवढी असते, म्हणजे आपण दाखवलेल्या घटीच्या दुप्पट. घट वजा केली तरी एकंदरीत भागिले १२ इतकी वाढ शिल्लक राहते. तेवढी रक्कम वर्गीकृत विचरणातून वजा करावी, ही दुरुस्ती संख्याशास्त्रज्ञ विल्यम शेपर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडली. तिला दोन अटी आहेत: गटांची रुंदी सारखी हवी आणि दोन्ही कडा हळूहळू शून्याकडे निवळत जायला हव्यात. वरच्या ० ते ९९ च्या उदाहरणात कडा कापल्यासारख्या तुटतात, म्हणून तिथे ती लागू होत नाही.

हे केवळ सूत्रावर सोडू नये म्हणून मी एक जुना, खरा तक्ता घेऊन बसलो. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली २०५ दांपत्यांच्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंचीचा तक्ता प्रसिद्ध केला. मुलींची उंची त्यांनी १.०८ ने गुणून मुलांच्या बरोबरीला आणली होती. गट एक-एक इंचाचे असून त्यांची शीर्षके ६२.२, ६३.२ अशी ७३.२ पर्यंत जातात, आणि दोन्ही टोकांना ‘खाली’ व ‘वर’ असे उघडे, म्हणजे एका बाजूला मर्यादा नसलेले, गट आहेत, त्यांत अनुक्रमे ५ आणि १४ जण. उघड्या गटांना मी ६१.२ आणि ७४.२ ही मूल्ये दिली. मध्य ६८.०९ इंच आला आणि विचरण ६.४६. मग शेजारचे दोन-दोन गट एकत्र करून दोन इंची सात गट केले आणि पुन्हा मांडणी केली. मध्य ६८.१० आला, म्हणजे जवळजवळ हललाच नाही. विचरण मात्र ६.७४ झाले. गट रुंद केले आणि विचरण घटण्याऐवजी ०.२९ ने वाढले. शेपर्ड यांच्या हिशोबाने ते ४ भागिले १२ वजा १ भागिले १२, म्हणजे ०.२५ ने वाढायला हवे होते. एवढी जवळीक मलाही अपेक्षित नव्हती.

वाढ कुठून आली हे एकाच जोडगटात पाहता येते. ७१.२ च्या गटात ६४ जण आहेत आणि ७२.२ च्या गटात ४१. दोन्ही एकत्र केल्यावर वर्गमध्य ७१.७ होतो, पण या १०५ जणांची सरासरी ७१.५९ आहे, म्हणजे केंद्राच्या बाजूला सरकलेली. खालच्या बाजूला ६३.२ मध्ये ३२ आणि ६४.२ मध्ये ५९ जण, वर्गमध्य ६३.७, सरासरी ६३.८५, पुन्हा केंद्राच्याच बाजूला.

आता आपला पहिला आक्षेप. मध्य काढताना गटातल्या प्रत्येकाला ४५ गुण मिळाले असे मानावे लागत नाही. त्या सगळ्यांची सरासरी ४५ च्या आसपास आहे एवढेच मानावे लागते, आणि हे मानणे पुष्कळच सौम्य आहे. शिवाय वरच्या गटांतली चूक एका दिशेला आणि खालच्या गटांतली दुसऱ्या दिशेला असल्यामुळे मध्यात त्या एकमेकींना खातात. विचरणात अंतरांचे वर्ग घेतले जात असल्यामुळे चिन्ह उरत नाही, आणि दोन्हीकडच्या चुकांची बेरीज होत जाते. माझ्या लेखात हा फरक पुरेसा स्पष्ट झाला नव्हता हे मान्य.

पण इथेच आपल्या बाजूचा, आपणही न मांडलेला एक मुद्दा मीच मांडतो, कारण मध्य सुरक्षित आहे असा समज मला पसरवायचा नाही. २०१५–१६ च्या कृषी गणनेत देशातील वहितीच्या धारणांची (खात्यांची) संख्येनुसार विभागणी अशी आहे: १ हेक्टरपेक्षा कमी म्हणजे सीमांत ६८.४५ टक्के, १ ते २ हेक्टर म्हणजे लहान १७.६२ टक्के, २ ते ४ म्हणजे निम-मध्यम ९.५५, ४ ते १० म्हणजे मध्यम ३.८० आणि १० हेक्टर व त्याहून मोठ्या ०.५७. नेहमीच्या पद्धतीने वर्गमध्य घ्यायचे तर ते ०.५, १.५, ३ आणि ७ येतात. प्रत्यक्षात या गटांची सरासरी धारणा ०.३८, १.४०, २.६९ आणि ५.७२ हेक्टर आहे, कारण जमीन जसजशी मोठी तसतसे धारक कमी, आणि म्हणून प्रत्येक गटात गर्दी खालच्याच टोकाला. चारही चुका एकाच दिशेच्या आहेत. एकमेकींना खाणार कोण? सर्वांत मोठ्या, उघड्या गटाची खरी सरासरी १७.०७ हेक्टर दोन्हीकडे तशीच ठेवली, तरी वर्गमध्यांवरून देशाची सरासरी धारणा १.२६ हेक्टर येते आणि खरी आहे १.०८. सुमारे १६ टक्क्यांची चूक, आणि तीही जमिनीसारख्या विषयात. गटांची रुंदी सारखी नसल्यामुळे शेपर्ड यांची दुरुस्तीही इथे चालत नाही.

आपल्या चौथ्या आक्षेपाचे उत्तर खरे तर याच उदाहरणात आहे. वर्गातल्या चाळीस मुलांचे गुण हाती असताना त्यांचे गट करून मध्य काढणे हा निव्वळ सराव आहे आणि संगणकावर ते काम क्षणात होते, हे खरेच. परंतु कोट्यवधी खातेदारांचे क्षेत्र एकेक करून आपल्याला कोणी देत नाही. जनगणनेतले वय, कृषी गणनेतले क्षेत्र हे वाचकाच्या हाती येते तेव्हा गट पाडूनच येते, आणि संगणक त्या गटांच्या आत डोकावू शकत नाही.

उघड्या गटांविषयी आपण काही म्हटले नाही, तरी एक आकडा सांगण्याचा मोह आवरत नाही. गाल्टन यांच्या तक्त्यातल्या त्या दोन टोकांना मी ६१.२ आणि ७४.२ ऐवजी अर्धा इंच आत, ६१.७ आणि ७३.७ धरले, तर मध्य फक्त ०.००५ इंचाने बदलतो, पण विचरण ६.४६ वरून ६.३३ वर येते. ९२८ पैकी १९ माणसे, आणि त्यांनी केलेला बदल शेपर्ड यांच्या एक इंची दुरुस्तीपेक्षा मोठा.

राहिला वयाचा प्रश्न. आपण म्हणता तो नियम, २०–२४ च्या दोन्ही मर्यादा अर्ध्याने सरकवून १९.५–२४.५ करण्याचा, गुणांसाठी किंवा जवळच्या पूर्णांकात मोजलेल्या उंचीसाठी योग्य आहे. पण आपल्याकडे वय पूर्ण झालेल्या वर्षांत सांगतात. चोवीस वर्षे अकरा महिन्यांचा मुलगा स्वतःला चोवीसचाच सांगतो, आणि साडेएकोणीस वर्षांची मुलगी स्वतःला वीसची म्हणत नाही. म्हणजे हा गट प्रत्यक्षात २० ते २५ चा आहे. मोजणी कशी झाली यावर वर्गमध्य ठरतो. गाल्टन यांनीही ६२ ते ६३ इंचांच्या गटाला ६२.५ ऐवजी ६२.२ हे शीर्षक दिले ते याचसाठी, की मोजणाऱ्यांचा कल पूर्ण इंचाकडे होता आणि गटातली गर्दी ६२ पाशी साचली होती. वय सांगतानाही लोक वीस, पंचवीस, तीस असे गोल आकडे सांगतात, त्यामुळे काटेकोरपणे २२.५ सुद्धा थोडा जास्तच ठरेल, पण तो खाली किती ओढायचा हे ठरवायला गटाच्या आतले आकडे लागतील.

लेखातून ‘नेहमी’ काढला आहे, त्याजागी कडा निवळण्याची अट घातली आहे आणि कृषी गणनेचे उदाहरण जोडले आहे. २०–२४ चा वर्गमध्य मात्र २२.५ च ठेवला आहे.